आग रामेश्वरी, घंटा सोमेश्वरी

आरोग्याच्या सदरात आगीच्या घंटेचा विषय पाहून काही वाचकांना नवल वाटेल. मधुमेह, रक्तदाब, पावसाळ्यातील जुलाब हे आमचे नेहमीचे विषय. परंतु ज्या जागी माणसे बरी व्हायला येतात, त्याच जागी ती धुराने गुदमरून मरत असतील, तर तो आरोग्याचाच प्रश्न आहे. म्हणून या आठवड्यात औषधगोळ्या बाजूला ठेवून रुग्णालयाच्या इमारतीबद्दल, आणि त्यातही वाढवलेल्या इमारतीबद्दल, चार गोष्टी सांगाव्यात असे ठरवले.

आपल्या जिल्ह्यातील रुग्णालये कशी वाढली ते आठवून पाहा. आधी तळमजल्यावर दवाखाना आणि वर डॉक्टरांचे राहते घर. मग बिऱ्हाड दुसरीकडे हलले आणि वर दहा खाटा आल्या. पुढे शेजारची जागा विकत घेतली गेली, तिथे तीन मजल्यांची नवी इमारत उभी राहिली आणि जुन्या-नव्याच्या मधली भिंत फोडून ये-जा करायला बोळ काढला गेला. उद्घाटनाला मान्यवर आले, फीत कापली, पेढे वाटले. नव्या भागात लिफ्ट आहे का, सोनोग्राफी कोणत्या कंपनीची, वातानुकूलित खोलीचे भाडे किती, हे सर्वांनी विचारले. नव्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर रात्री धूर झाला, तर जुन्या इमारतीतल्या बाळंतिणीच्या खोलीत घंटा ऐकू येईल का, हे मात्र कोणीच विचारले नाही.

बहुतेक ठिकाणी ती ऐकू येत नाही. कारण नव्या इमारतीला नवी घंटा असते, जुन्या इमारतीला जुनी असते किंवा मुळीच नसते, आणि दोघींची एकमेकींशी ओळख नसते. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी ही म्हण आपण हसत हसत वापरतो. वाढवलेल्या इमारतीत ती शब्दशः खरी ठरते.

धूर माणसाला कसा मारतो

आगीत माणूस भाजून मरतो असा सर्वसाधारण समज आहे. बंदिस्त इमारतीत बहुतेक बळी धुराचे असतात आणि ज्वाळा त्यांच्यापर्यंत पोहोचण्याआधीच ते गेलेले असतात. भंडारा जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ रोजी रात्री दीड-दोनच्या सुमारास नवजात बालकांच्या कक्षात आग लागली. कक्षात सतरा बाळे होती. सात वाचली, दहा गेली. त्या दहांपैकी तीन भाजल्यामुळे आणि सात गुदमरून गेल्याचे त्या वेळी आरोग्यमंत्र्यांनी सांगितले होते.

धुरात कार्बन मोनॉक्साइड हा वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. आपल्या रक्तातील हिमोग्लोबिन ऑक्सिजन वाहून नेते, पण या वायूला ते ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट धरते. वायू थोडा असला तरी तो रक्तातील जागा अडवून बसतो आणि मेंदू व हृदय उपाशी राहतात. फोमच्या गाद्या, उशा, प्लॅस्टिकचे पडदे, वायरींचे आवरण जळू लागले की सायनाइडसारखा विषारी वायूही निर्माण होतो. अशा रुग्णाच्या बोटाला ऑक्सिजन मोजणारे यंत्र लावले, तर ते पुष्कळदा ९७-९८ असा चांगला आकडा दाखवते, कारण साध्या यंत्राला ऑक्सिजन आणि कार्बन मोनॉक्साइड यांतला फरक कळत नाही. आकडा चांगला आणि माणूस बेशुद्ध, असा हा प्रकार आहे.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. झोपेत आपली वासाची जाणीव मंदावते. 'धूर झाला तर वासाने जाग येईलच' या भरवशावर राहू नये. त्यातून रुग्णालयातला माणूस झोपेच्या गोळीवर असतो, कालच सिझेरियन झालेले असते, पायाला वजन बांधलेले असते, किंवा तो कृत्रिम श्वासोच्छ्वासावर असतो. नवजात बाळ मिनिटाला चाळीस ते साठ वेळा श्वास घेते, त्यामुळे विषारी हवाही तितक्याच वेगाने आत ओढते. हे लोक पळू शकत नाहीत. त्यांना कोणीतरी उचलून न्यावे लागते, आणि त्यासाठी हाताशी फार थोडी मिनिटे असतात. ती मिनिटे मिळवून देणे एवढेच घंटेचे काम.

शरीर वाढले, मज्जातंतू वाढले नाहीत

आगीची सूचना देणारी यंत्रणा माणसाच्या मज्जासंस्थेसारखी असते. छताला लावलेले स्मोक डिटेक्टर म्हणजे त्वचा. तिला आच लागली की निरोप निघतो. वायरी म्हणजे मज्जातंतू. भिंतीवरची कंट्रोल पॅनेलची पेटी म्हणजे मेंदू, आणि हूटर म्हणजे वाचा. काच फोडून बटण दाबायची लाल डबी असते, तीही याच मज्जातंतूंना जोडलेली असते. यातला एक दुवा तुटला की बाकीचे सगळे शोभेचे.

इमारत वाढते तेव्हा शरीराला नवा हात फुटल्यासारखे होते. त्या हातात रक्त येते, म्हणजे वीज येते, पाणी येते, ऑक्सिजनची नळी येते. मज्जातंतू मात्र जोडले जात नाहीत. हात भाजतो आणि डोक्याला पत्ता नसतो.

हे कसे घडते ते पाहा. जुन्या इमारतीतले पॅनेल एका कंपनीचे असते. नव्या इमारतीचा कंत्राटदार दुसऱ्या कंपनीचे आणतो. हल्लीची यंत्रे कोणत्या खोलीतला डिटेक्टर बोलतो आहे त्याचा नेमका पत्ता सांगतात. कंत्राटदार मंडळी त्यांना 'अ‍ॅड्रेसेबल' म्हणतात. चांगली सोय आहे. पण प्रत्येक कंपनीच्या यंत्राची भाषा वेगळी. एका कंपनीचे डिटेक्टर बहुधा दुसऱ्या कंपनीच्या पॅनेलला समजत नाहीत. मग कंत्राटदार नवे पॅनेल वेगळेच बसवून मोकळा होतो, बिल देतो आणि जातो.

दुसरा प्रकार याच्या उलट. खर्च वाचवण्यासाठी जुन्याच पॅनेलवर नव्या मजल्यांची वायर ओढली जाते. प्रत्येक पॅनेल किती डिटेक्टर आणि किती हूटर सांभाळू शकते याला मर्यादा असते. त्यातली बॅटरीही जुन्या बोज्याच्या हिशेबाने घेतलेली असते. दिवसा वीज असताना चाचणी घेतली तर सर्व ठीक दिसते. रात्री शॉर्टसर्किट होऊन वीज गेली की हीच बॅटरी दुप्पट हूटरांचा भार घेणार असते. तिची ताकद पुन्हा मोजली होती का, हे विचारणारा कोणी नसतो.

तिसरा प्रकार नावांचा. पॅनेलवर 'विभाग ३ : भांडारगृह' असे लिहिलेले असते. वाढीव कामात भांडारगृहाचा अतिदक्षता विभाग झाला, पण पॅनेलवरची पट्टी तीच राहिली. रात्रीच्या सिस्टरने दिवा पाहिला तर ती भांडारगृहाकडे धावणार आणि ते तर आता तळघरात गेलेले!

तालुक्याच्या गावातील एका रुग्णालयात मी एका नातेवाइकाला भेटायला गेलो होतो, तेव्हाची गोष्ट. नव्या भागाचे पॅनेल स्वागतकक्षात होते. तो कक्ष रात्री नऊला कुलूपबंद होई. वॉचमन बसे जुन्या इमारतीच्या फाटकाशी, सिस्टर असत पहिल्या मजल्यावर. पॅनेलमध्ये काहीतरी बिघाड होता, म्हणून ते सारखे पीं पीं करत होते. स्वागतकक्षातल्या मुलीला त्याचा त्रास होई, म्हणून आवाज येतो त्या छिद्रावर चिकटपट्टी लावलेली होती. पेटी कशासाठी आहे असे मी विचारले, तेव्हा ती म्हणाली, "ती इन्स्पेक्शनची आहे, सर." त्या मुलीला दोष देण्यात अर्थ नाही. तिला कोणी काही शिकवलेच नव्हते.

दोन इमारती, एक बोळ

रुग्णालयात आग लागली की पहिले काम रुग्णांना जिन्याने खाली नेणे हे नसते. खाटेवरच्या तीस रुग्णांना चार कर्मचारी जिन्याने कसे नेणार, आणि लिफ्ट तर आगीच्या वेळी वापरायचीच नसते. म्हणून आधी रुग्णाला त्याच मजल्यावर, आग अडवणाऱ्या दरवाजापलीकडच्या सुरक्षित भागात सरकवतात. खाट ढकलत नेली तरी चालते. तिथून मग सवडीने खाली.

वाढवलेल्या इमारतीत हा पलीकडचा सुरक्षित भाग म्हणजे बहुधा दुसरी इमारतच असते. नव्याला आग लागली तर जुने हे आश्रयस्थान, जुन्याला लागली तर नवे. म्हणजे मधल्या बोळात प्राण अडकलेला आहे. पलीकडच्या सिस्टरला निरोपच गेला नाही, तर ती दार उघडून वाट मोकळी करणार नाही, खाटा सरकवून जागा करणार नाही, मदतीला माणूस पाठवणार नाही. बोळात जुनी कपाटे आणि मोडक्या खुर्च्या रचलेल्या असतील, तर त्या तशाच राहतील.

घंटा एक झाली की तिच्यामागून इतर कामेही आपोआप व्हायला हवीत. बोळातला दरवाजा एरवी चुंबकाने उघडा धरलेला असेल, तर तो घंटेसरशी सुटून मिटला पाहिजे. खाट नेण्यापुरता ढकलून उघडायचा आणि मागे पुन्हा मिटू द्यायचा. वातानुकूलन बंद पडले पाहिजे, नाहीतर तेच यंत्र धूर खोलीखोलीत वाटत सुटते. नवी इमारत स्वतःची हवा थांबवील, पण जुन्या इमारतीतले यंत्र चालूच राहील, आणि डक्ट जर जोडलेला असेल तर तेवढा एक दोर पुरतो.

कोलकात्याच्या ढाकुरिया भागातील एएमआरआय रुग्णालयाची आठवण येथे काढली पाहिजे. ९ डिसेंबर २०११ च्या पहाटे तिथल्या जोड इमारतीत आग लागली. सुरुवात तळघरात झाली. ती जागा गाड्यांसाठी होती, तिथे सामान साठवलेले होते. धूर वातानुकूलनाच्या मार्गांनी वरच्या मजल्यांवर चढला आणि सुमारे नव्वद माणसे गेली. आग तळघरात होती आणि माणसे वरच्या मजल्यांवर खाटांवर गुदमरली. शेजारच्या वस्तीतील लोकांना धूर दिसला होता आणि ते मदतीलाही धावले होते. इमारतीने बाहेरच्यांना धूर दाखवला आणि आतल्यांना वेळेवर उठवले नाही, याहून मोठी नामुष्की कोणती?

'नवी इमारत आहे, आता काळजी नाही' असेही समजू नये. तेव्हाच्या अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या जिल्हा रुग्णालयात ६ नोव्हेंबर २०२१ रोजी, ऐन भाऊबीजेच्या दिवशी, अतिदक्षता विभागाला आग लागून अकरा रुग्ण दगावले. तो विभाग जुनापुराणा नव्हता, करोनाच्या काळात नव्याने उभारलेला होता.

बांधकाम चालू असताना

सर्वांत धोक्याचा काळ म्हणजे काम चालू असतानाचा. एका बाजूला रुग्ण झोपलेले, दुसऱ्या बाजूला वेल्डिंगच्या ठिणग्या, रंगाचे डबे, थिनर, थर्माकोल, लाकडी फळ्या. मुंबईत अंधेरीच्या मरोळ भागातील कामगार विमा रुग्णालयाला १७ डिसेंबर २०१८ रोजी आग लागली, तेव्हा तिथे नूतनीकरणाचे काम चालू होते. आठाहून अधिक माणसांचा बळी गेला, त्यात एक तान्हे बाळही होते.

अशा काळात सिमेंटच्या धुळीने डिटेक्टर उगाच बोंबलतात, म्हणून कामगार त्यांच्यावर प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधतात. पिशवी बांधणे चूक नाही. काम संपल्यावर ती काढायची कोणी, हे न ठरवणे चूक आहे. जोडणीसाठी जुने पॅनेल एक-दोन दिवस बंद ठेवावे लागते. तसे ठेवायचे तर त्या रात्री प्रत्येक मजल्यावर जागा राहणारा माणूस नेमला पाहिजे, त्याच्या हातात विजेरी आणि शिट्टी दिली पाहिजे आणि सिस्टरला तसे लेखी कळवले पाहिजे. वायर नेण्यासाठी भिंतीला पाडलेली भोके आग रोखणाऱ्या मसाल्याने बुजवली पाहिजेत. मुठीएवढ्या भोकातून धूर सहज पलीकडे जातो.

कायदा आणि आमचे मत

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ सालचा आहे. त्यानुसार इमारतीची आगविषयक यंत्रणा चालू स्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालकाची आणि ताबा असलेल्याची आहे, आणि परवानाधारक संस्थेकडून तपासून घेऊन जानेवारी व जुलै असे वर्षातून दोनदा प्रमाणपत्र द्यायचे आहे. २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेत आगीसाठी स्वतंत्र भाग आहे. आगीची सूचना देणाऱ्या यंत्रणेसाठी आयएस २१८९ हे भारतीय मानक आहे. म्हणजे कागद कमी नाहीत.

अडचण अशी की परवानगी मागितली जाते नव्या बांधकामाची, त्यामुळे नकाशावर रंगते ते नवेच. जुना भाग 'अस्तित्वातील' असे लिहून सोडून दिला जातो. आमचे स्पष्ट मत असे आहे की, जोडलेली इमारत ही एकच इमारत धरावी. नव्या भागात रुग्ण ठेवण्याची परवानगी देण्यापूर्वी अधिकाऱ्याने नव्या भागाच्या टोकाची लाल डबी दाबावी आणि जुन्या भागाच्या टोकाला जाऊन कान द्यावा. मग तेच उलट करावे. दोन्हीकडे ऐकू आले तरच सही. यासाठी नवा कायदा नको, पंधरा मिनिटे हवीत.

यावर आमचे व्यवसायबंधू काय म्हणतील ते ठाऊक आहे. पहिले म्हणणे खर्चाचे. मान्य आहे की लहान रुग्णालयाला प्रत्येक हजार रुपये जड असतात. परंतु भिंतीला प्लॅस्टर होण्यापूर्वी वायर टाकणे आणि रंग झाल्यावर भिंत फोडून टाकणे यांतला फरक घर बांधलेल्या प्रत्येकाला कळतो. म्हणून जुन्याची जोडणी नव्याच्या अंदाजपत्रकातच धरावी. सगळे जुने फेकून देण्याचीही गरज नसते. पॅनेल दोन कंपन्यांची असली तरी 'इकडे आग आहे' आणि 'इकडे बिघाड आहे' हे दोन निरोप साध्या विद्युत संपर्काने दोन्ही बाजूंना देता येतात. चोवीस तास माणूस असतो त्या जागी दोन्हीकडचे दिवे दाखवणारे छोटे जोड-पॅनेल बसवता येते. हे किमान झाले. जुने डिटेक्टर दहा वर्षांचे होऊन गेले असतील, तर मात्र सगळी यंत्रणा एकाच पॅनेलवर आणणे शहाणपणाचे.

दुसरे म्हणणे असे की, मोठी घंटा वाजली तर हृदयरोगी घाबरतील. यात तथ्य आहे, आणि मानके करणाऱ्यांनाही ते ठाऊक आहे. जिथे रुग्ण स्वतः हलू शकत नाहीत, तिथे सूचना आधी कर्मचाऱ्यांना, त्यांच्या टेबलाशी, अशी व्यवस्था ठेवता येते. आग असलेल्या बाजूला सलग घंटा आणि दुसऱ्या बाजूला थांबून थांबून, असेही करता येते. घंटा सौम्य करा, पण मुकी ठेवू नका.

तिसरे म्हणणे 'उगाच वाजते हो' हे. उगाच वाजणाऱ्या घंटेचे कारण बहुधा साधे असते. स्वयंपाकघरात किंवा निर्जंतुकीकरणाच्या वाफेशेजारी धूर ओळखणारा डिटेक्टर लावलेला असतो. तिथे उष्णता ओळखणारा लावावा. ताप वारंवार येतो म्हणून कोणी थर्मामीटर फोडून टाकत नाही, तापाचे कारण शोधतो.

तुम्ही काय करायचे

सामान्य वाचक म्हणेल, मी रुग्णालयाचा मालक नाही, मला काय त्याचे? पण तुमची आई तिथे दाखल असते, तुमची सून तिथे बाळंत होते. शिवाय वाढीव इमारती शाळांच्या आहेत, वसतिगृहांच्या आहेत, लॉज आणि मंगल कार्यालयांच्याही आहेत. तेव्हा पुढच्या वेळी गेलात की एवढे पाहा :

१. आगीचे पॅनेल कुठे आहे आणि रात्री त्याच्याजवळ कोण असते, हे विचारा. उत्तर देताना माणूस अडखळला तर समजून जा.

२. पॅनेलवर हिरवा दिवा आहे की पिवळा, ते पाहा. पिवळा दिवा बहुधा बिघाडाचा असतो. तो तसाच ठेवला असेल तर व्यवस्थापनाला सांगा.

३. छताकडे पाहा. डिटेक्टरवर पिशवी बांधलेली किंवा रंग चढलेला दिसला तर तो आंधळा आहे.

४. जुन्या-नव्याला जोडणारा बोळ मोकळा आहे का आणि दाराला कुलूप आहे का, ते पाहा.

५. शेवटची घंटा कधी वाजवून पाहिली आणि ती दोन्ही इमारतींत ऐकू आली का, हे विचारा.

रुग्णालयाच्या मालकांना वेगळी विनंती. महिन्यातून एकदा, शक्यतो रात्री, घंटा वाजवून पाहा. शस्त्रक्रियागृहाचे दार बंद असताना, जनित्र चालू असताना, संडासात, तळघरातल्या धुलाईखोलीत ती पोहोचते का ते पाहा. सर्वसाधारण जागी निदान ६५ डेसिबल आणि झोपलेल्या माणसाला जागे करायचे तिथे त्याच्या उशाशी ७५ डेसिबल आवाज असावा, असा दंडक आहे. ऑक्सिजनची कळ कुठे आहे आणि ती कोणी, कोणाच्या सांगण्यावरून बंद करायची, हे रात्रपाळीच्या प्रत्येक सिस्टरला, वॉर्डबॉयला आणि मावशींना माहीत हवे. पॅनेलवरच्या पट्ट्या आजच्या खोल्यांप्रमाणे मराठीत लिहून घ्या. आवाजाच्या छिद्रावरची चिकटपट्टी काढा.

रुग्ण दाखल करताना आम्ही त्याचे जुने आजार विचारतो, जुनी औषधे विचारतो, कारण नवे औषध जुन्याशी जुळते का ते पाहावे लागते. इमारतीचेही तसेच आहे. नवी भिंत जुनीला टेकण्यापूर्वी जुनीची प्रकृती तपासावी. उद्घाटनाचा मुहूर्त आठवडाभर पुढे गेला तर काही बिघडत नाही.